कोपऱ्यात रडायचं नाही

संध्याकाळ झाली की त्या घरात एकच गडबड उडायची. ती स्वतःचे केस विंचरायची, खारूचं तोंड धुवायची, मग खारूच्या गालात बोट घालून बघायची. चार वर्षांची ही पोरगी भाताचा घास तासन्‌तास गालात साठवून ठेवायची, म्हणून तर तिला सगळे खारू म्हणत. गाल रिकामे झाले की मायलेकी हॉलच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसायच्या आणि घरी फोन लावायच्या.

कोपऱ्यात आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेली वेताची खुर्ची होती. मागच्या भिंतीला ओल आली होती, म्हणून तिने तिथे पिवळी चादर ताणून बसवली होती. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्या होत्या. हिरव्या, तपकिरी, आणि एक निळी. तिचा नवरा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात शिफ्टवर देखरेखीला होता. ज्या बाटलीच्या काचेत बुडबुडा राहिला, ती माल म्हणून जात नाही, पुन्हा भट्टीत जाते. त्यातल्याच दोनचार तो विचारून घरी आणायचा. दिवा मागून लावला की बुडबुडे चमकायचे आणि सगळं कसं मासिकातल्या फोटोसारखं दिसायचं.

फोनच्या चौकटीत एवढंच मावायचं. फोन वीतभर जरी डावीकडे सरकला असता, तरी खोकी दिसली असती. छताकडे निघालेली, चिकटपट्टीसकट तशीच ठेवलेली खोकी. तिने ती सोडलीच नव्हती. लागेल तेवढं एका खोक्याच्या वरून काढायची आणि झाकण परत मिटून टाकायची.

"स्टुडिओत दिवे लागले का?" नवरा कामावरून आला की दारातूनच विचारायचा. त्याला हा मोठा विनोद वाटायचा. सुरुवातीला तिलाही वाटला होता.

हा स्टुडिओ सुरू कसा झाला, त्यालाही कारण होतं. या शहरात आल्यावर पहिलाच फोन लावला, तेव्हा ती सासूबाईंसमोर हमसून हमसून रडली होती. इथे कुणाचं बोलणं कळत नाही, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची आंधळी भिंत, खारू रात्रभर "घरी जाऊ या" म्हणत बसते. जे मनात होतं ते सगळं ओकून मोकळी झाली. त्यावर सासूबाईंचं ब्लडप्रेशर असं चढलं की त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी दिराचा फोन आला. दीर तसा सरळ, मोठ्याने कधी बोलणारा नव्हे. पण त्या दिवशी म्हणाला, "वहिनी, एक विनंती आहे. आईला असलं काही सांगत जाऊ नका. तुमचं रडून होतं, इथे आमची पळापळ होते."

झालं. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. चादर ताणली, बाटल्या मांडल्या, आणि खारूलाही बजावलं, "आजीशी बोलताना हसायचं हं. कोपऱ्यात रडायचं नाही."

खारू हुशार. एकदा सांगितलं की पुरे.

बाकीच्या दिवसाला मात्र चादर नव्हती. नवरा सकाळी जायचा, आणि मग घराचं ते जड दार धाडकन लागायचं. दार आपोआप बंद व्हावं म्हणून वरती जो लोखंडी दांडा बसवलेला होता, तो बिघडला होता. दार सोडायचा अवकाश, असं आपटायचं की आतल्या खोक्यांवरची धूळ उडायची. घरमालकाला सांगायचं तर त्याची भाषा येत नव्हती. नवरा कामापुरती शिकला होता, पण त्याच्या शब्दांत तापमान, साचा आणि तडा एवढंच बसायचं, दार बसत नव्हतं. "बघतो, बघतो," म्हणायचा. दार आपटत राहिलं.

खाली रस्ता होता, दुकानं होती. ती खारूचं मनगट घट्ट धरून जायची आणि बोटाने दाखवून वस्तू घ्यायची. बटाटे, साबण, दूध. दुकानदारीण चांगली होती, काहीतरी विचारायची, हसायची. ही मान डोलवायची. कशाला मान डोलवली हे तिला कधीच कळायचं नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, कॉलेजात वादविवादाची बक्षिसं मारलेली बाई, आणि इथे तिला स्प्रिंगच्या मानेच्या बाहुलीसारखी नुसती मान हलवून यावं लागायचं. शाळेत खारूला घातलं, तर ती दाराला लटकून अशी किंचाळली की बाईंनीच खुणेने सांगितलं, काही महिने थांबा. मग काय, मायलेकी दिवसभर घरात. समोर भिंत, मागे खोकी.

एका गोष्टीवर मात्र तिचा सगळा जीव टिकून होता. घरी, सासरच्या घरात, वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. निघताना सासूबाईंनी स्वतः कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती. म्हणाल्या होत्या, "वर्षभर बघा. जमलं तर जमलं. नाहीतर खोल्या आहेतच तुमच्या, मी रोज झाडून ठेवीन." नवराही तेच म्हणत होता. जुन्या कारखान्यातले साहेब त्याला परत घ्यायला तयार होते. पगार कमी होता, भाड्याचं घर परवडलं नसतं, पण वरच्या खोल्या होत्या म्हणून भागलं असतं. "वर्ष संपलं की तू म्हणशील तसं," त्याने शब्द दिला होता. म्हणून तर खोकी बांधलेली होती. दुपारी भिंतीकडे बघून बघून डोकं गरगरायला लागलं, की ती डोळे मिटून त्या खोल्यांतून फिरून यायची. इथे मोरी, इथे पाटा, इथे उन्हाचा तुकडा पडतो, इथे खारूने पेन्सिलीने घोडा काढलाय.

गुरुवारच्या फोनवर सासूबाई नेहमीसारख्या आपल्या लोखंडी कपाटासमोर बसल्या होत्या. चेहरा फुललेला.

"काय गं, बाटल्या वाढल्याच आणखी! बाई, बाई! शेजारणीला परवा फोटो दाखवला तर म्हणते कशी, मुलगा पितो वाटतं बराच."

"आई, रिकाम्याच येतात हो त्या कारखान्यातून."

"ते मला माहीत आहे. तिला कसं पटवू? आमची खारूताई कुठाय?"

खारूने मांडीवर चढून दात दाखवले. "आजी, मी मज्जेत आहे."

"अगं माझी बाय ती! ऐक, आनंदाची बातमी आहे. भाऊजींचं तुझ्या जमलं!"

दिराचं लग्न ठरलं होतं. मुलगी कुठली, काय करते, नाकी डोळी कशी, सगळं सांगून झालं. ही खरोखरच हसली, दीर तिचा आवडता होता. मग सासूबाई म्हणाल्या, "आता राहायचं कुठे, हा प्रश्न होता. तर तुझे सासरे म्हणाले, वरच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडू, नव्या जोडीला ऐसपैस एक घर होईल. तुम्ही तिकडे इतके छान रमलात. मी म्हटलं, तरी एकदा तिला विचारते. सोमवारी गवंडी येतोय. पाडू ना गं?"

'नको' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण पाठीमागे पिवळी चादर होती, दिवा होता, बुडबुडे चमकत होते. आणि त्या खुर्चीत बसल्यावर जो आवाज आपोआप बाहेर पडायचा, तोच पडला.

"पाडा की, आई! छानच होईल. विचारायचं काय त्यात?"

"बघ, मी म्हटलंच होतं यांना. मनाची मोठी आहे माझी सून."

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ खुर्चीतच बसून राहिली. खारू कोपऱ्यातून बाहेर पडली, हसू पुसलं आणि खोक्यांमागे जाऊन अंगठा चोखत बसली.

नवरा जेवताना म्हणाला, "मग झालं तर. तूच हो म्हणालीस."

"तोंडून निघून गेलं रे."

"असं कसं निघून गेलं? मी रोज बघतो ना, फोनवर कशी खुलतेस. मला तर वाटायला लागलं होतं, हिला आवडलं इथे. जुन्या साहेबांनाही मी तसंच कळवलं, की बहुधा इथेच राहू."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एका घरात, एका ताटाशी बसणारा माणूस. खोकी त्याला दिसत नव्हती? की दिसत असूनही फोनमधलीच बायको त्याला बरी वाटत होती?

"तुला खरंच वाटलं?"

त्याने घास तसाच हातात धरला. "मला वाटून घ्यायचं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "दिवसभर त्या धगीपुढे उभा असतो. तुला माहितीय, आमची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच गोठते आणि भट्टीच फुकट जाते. तिच्यापायी सुटी नाही, सण नाही. घरी येऊन तुझं हसणं ऐकलं की वाटायचं, चला, आपण काही चूक नाही केली."

आता यावर भांडायचं तरी काय?

"मी आईंना सांगते," ती म्हणाली. "रविवारी. गवंडी यायच्या आत."

"सांग. पण बेताने. तिचं ब्लडप्रेशर..."

"ब्लडप्रेशर, ब्लडप्रेशर! माझं कुणी मोजतं का?"

तो हसला नाही, तीही नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. फोन झाले, पण दोन्ही दिवस दिराच्या सासरची माणसं बसलेली, तिकडे नुसती जत्रा. कपाटासमोरून सासूबाई एकेकाला ओढून दाखवत होत्या. "ही माझी थोरली सून. मोठ्या शहरात असते. घर बघा कसं ठेवलंय!" ही हात जोडत होती, खारू दात दाखवत होती. बोलायला फट सापडेना. रविवारी मात्र तिकडे पाहुणे नसणार होते. रविवारी नवऱ्याला दुसरी शिफ्ट होती. तो निघाला तेव्हापासून ती मनात वाक्यं जुळवत होती. आई, रागावू नका. आई, आधी पाणी प्या. आई, त्या दिवशी मी खोटं बोलले. कसंही सुरू केलं तरी दुसऱ्या वाक्याला हुंदका यायचा, आणि हुंदका नको होता. वादविवादात पहिली येणारी बाई अशी भाताच्या पातेल्यापुढे उभी राहून चारचारदा सुरुवात करत होती.

फोनची वेळ होत आली तेव्हा ती कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला गेली. खारू मागून आली हे तिला कळलंच नाही. तिने दार सोडलं. ते नेहमीसारखं आपटलं नाही. मऊ काहीतरी मध्ये आल्यासारखं थबकलं.

दार ढकलून बघते तर खारूची करंगळी. नख काळंनिळं पडलेलं, कडेने रक्त.

"अगं माझे राणी! बघू, बघू. हलतंय का बोट? हलव. हलव बघू."

बोट हललं. खारूचं तोंड उघडलं, श्वास आत ओढला गेला, आणि रडं फुटणार तेवढ्यात आत फोन वाजला. आज घरूनच फोन आला होता.

खारूने तोंड मिटलं. आईचा हात सोडवून घेतला आणि धावत जाऊन वेताच्या खुर्चीत चढून बसली. रक्ताचं बोट फ्रॉकमध्ये गुंडाळलं. आई फोन घेऊन पोचली, तोवर तिने दात दाखवले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी, हनुवटी थरथरतेय, आणि ओठ कानापर्यंत ताणलेले.

"आजी, मी मज्जेत आहे."

"अगं, हिच्या डोळ्यांत पाणी कसलं?" सासूबाई पुढे वाकल्या. "आणि आज हसते तरी कशी ही?"

तिने खुर्चीपुढे गुडघे टेकले. "खारू, दुखतंय ना? सांग आजीला. रड, बाळा."

खारूने जोरजोरात मान हलवली. दातांवर दात तसेच. "इथे नाही ना रडायचं," ती कुजबुजली. जणू आईचीच चूक सुधारत होती.

जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिने एका हाताने पोरीला उचललं, दुसऱ्या हातात फोन, आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. वाटेत फोन कसाही फिरला. खोकी, ओलीचे पोपडे, दोरीवरचे कपडे, समोरची आंधळी भिंत, सगळं त्यात येत गेलं. तिने नळ सोडला, बोट धारेखाली धरलं आणि म्हणाली, "इथे कोपरा नाही. इथे चालतं."

मग खारू रडली. किती दिवसांचं साठवलं होतं कोण जाणे. गालातल्या घासासारखं एकेक करत सगळं बाहेर आलं. बोट, दार, शाळा, "घरी जाऊ या." आई भांड्यांच्या खोक्यावर बसून तिला थोपटत होती, आणि तीही रडत होती. फोन ओट्यावर पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवलेला, त्यातून सासूबाई बघत होत्या.

"आई, ती खोकी बघितलीत ना," शेवटी ती म्हणाली. "मी सोडलीच नाहीत. मला इथे नाही राहायचं. त्या दिवशी मी खोटं बोलले. भिंत पाडू नका, आई. तेवढं एक राहू दे मला."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"गवंडी काल येऊन गेला गं," त्या म्हणाल्या. "सोमवारी त्याला दुसरं काम निघालं. शनिवारी सकाळीच पाडली भिंत."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला. शनिवारी सकाळी पाडली. म्हणजे संध्याकाळी ही हात जोडून हसत होती, तेव्हा वर विटांचा ढीग पडलेला होता. भिंतीबरोबर खारूचा घोडाही गेला असणार.

"तुला कळवायचं म्हटलं, तर माणसं बसलेली. आणि तू एवढी खुशीत." सासूबाई थांबल्या. मग त्यांनी हातातला फोन हळूहळू खाली नेला. कपाट वर सरकत गेलं, खुर्ची दिसली, आणि पुढच्या स्टुलावर ठेवलेला त्यांचा पाय. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत पट्ट्या गुंडाळलेला, उशीएवढा सुजलेला. "तूही बघ, मी बसूनच का बोलते ते."

"आई! हे कधी?"

"तुम्ही गेलात आणि महिन्याभरातच. जिन्यावरून पडले. तुमच्या खोल्या झाडायला चालले होते." त्या हसल्यासारखं करून थांबल्या. "आता वर जाणं होत नाही. वरती कुणी फिरकलं नाही की धूळ बसते, वाळवी लागते. म्हणून तर हे म्हणाले, धाकट्याला देऊ. तुला काय सांगायचं? तू तिकडे सुखात. मी कशाला मिठाचा खडा टाकू?"

एवढ्या महिन्यांत त्या कपाटापलीकडे काय असेल, असा विचारही तिला शिवला नव्हता. स्वतःची चादर ताणण्यातच ती गुंतली होती.

"मग आता मी काय करू, आई?"

"मला काय माहीत, बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि इतकं खरं उत्तर त्यांनी तिला यापूर्वी कधी दिलं नव्हतं. "लग्न तोंडावर आलंय. भिंत परत बांधा म्हणू कुणाला? त्या पोरीला काय सांगू, जागा नाही म्हणून?"

"नको. तसं नका म्हणू."

"बोटाला बर्फ लाव आधी. नख पडेल, नवीन येतं."

तेवढ्यात तिकडे दार वाजलं आणि सासऱ्यांचा आवाज आला, "कोण? थोरलीचा फोन का? काय म्हणतायत?"

सासूबाईंनी फोन झटकन वर घेतला. पाय चौकटीबाहेर गेला, कपाट जागेवर आलं. पदराने डोळे टिपले आणि त्या मान वळवून म्हणाल्या, "मजेत आहेत हो सगळे. खारूताई गाणं म्हणत होती."

तो आवाज तिने ओळखला. तोच सूर, तोच गोडवा, शेवटचं अक्षर तेवढंच लांबवलेलं. तिला वाटलं, आपणच पलीकडे बसून बोलतोय.

मग सासूबाई फोनच्या अगदी जवळ आल्या, कपाळ आणि एक डोळा एवढंच उरलं. "उद्या दुपारी कर," त्या पुटपुटल्या. "हे झोपलेले असतात. तेव्हा बोलू." आणि फोन बंद झाला.

तिने बर्फ कापडात बांधला. खारूला मांडीवर घेऊन खोक्यावरच बसून राहिली. खिडकीत भिंत होती. कालपर्यंत त्या भिंतीवर तिला घरच्या त्या दोन खोल्या दिसायच्या. आज भिंतीवर सिमेंट दिसत होतं, त्यातली एक लांब भेग, आणि एक गंजलेला पाइप. डोळे मिटून पाहिलं, तर मोरी सापडेना. उन्हाचा तुकडा कुठल्या जमिनीवर पडायचा, तेही नीट आठवेना.

दार धाडकन लागलं. नवरा आला.

"अरे वा, आज स्टुडिओत अंधार?" बोलता बोलता तो स्वयंपाकघराच्या दारात आला, त्याने खोक्यावरच्या दोघींना बघितलं, फडक्यातलं बोट बघितलं, आणि त्याचा डबा हातातच राहिला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. भिंत कालच पडली."

त्याने डबा ओट्यावर ठेवला. तिच्या शेजारी बसायला दुसरं खोकं ओढलं. त्याच्या शर्टाला भट्टीचा वास येत होता, भाजलेल्या मातीचा. कुणालाच उठायचं कारण सापडत नव्हतं, आणि उठून जायचं तरी कुठे?

"दार," ती म्हणाली. "उद्या मालकाकडे मी येते तुझ्याबरोबर. शब्द नसले तर बोट दाखवीन त्याला. हिचं."

"बरं," तो म्हणाला.

खारूने तोंड वर केलं. तिचा एक गाल फुगलेला होता. रडारडीत केव्हातरी तिने ताटलीतला भाताचा गोळा तोंडात ठेवून दिला होता.

"आई, आता कोपऱ्यात जायचं?"

"नाही," आई म्हणाली. "आधी तो घास गिळ."

खारूने दोघांच्या तोंडाकडे पाळीपाळीने बघितलं. घास मात्र गालातच राहू दिला.